हक्कसोडीचे झुबे

परत एकदा घासा, प्रभाकरशेठ, नीट बघा – बावीस कॅरेट? पुरं मंगळसूत्र खरं? मंग माजा नवरा खोटा नाय. देवा रे, दोन महिनं मी त्याच्याशी धड बोलली नाय. कशापायी, सांगते ना – कानाच्या पाळ्या सुजतात, पाणी गळतं, मानेपर्यंत पुरळ उतरतो. डॉक्टरीणबाईनं पाठीला पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या नी बोलली, आशालताबाई, तुम्हाला निकेल सोसत नाही, खोट्या दागिन्यांत असतो तो धातू, तुमच्या अंगावर काहीतरी खोटं आहे. झालं – मंगळसूत्र पॉलिशला यानंच नेलं होतं, मंग बदललं पण यानंच. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो, तिकडं कुणी बाई ठेवली असंल – नाय नाय ते बोलली मी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तो शपथ घेत होता, मी तोंड फिरवलं.

कानातलं? ते कशाला बघायचं? हे झुबे माज्या आईनं दिलेत. गव्हाणची जमीन सरकारात गेली, तवा दादूस हक्कसोडीचा कागद घेऊन आला. भावाकडं हिस्सा मागायचा नसतो, आमच्यात रीतच हाय, मी हसत सही केली. नी आईनं तिथंच, स्वतःच्या हातानं, हे कानात घातले. बोलली, बाय, तुजा हिस्सा तुज्या कानात हाय. आई फसवंल काय? तिला माजी केवढी काळजी – दर खेपेला सांगते, आंघोळीला काढून ठेव, साबण लागंल. नी सोनाराकडं नेऊ नको, सोनार घासून घासून सोनं चोरतात – तुमी नाय हो, दुसरे. दादूस मात्र त्या दिवशी माज्याकडं बघत नव्हता.

कधीपासनं सुजतात? सही केली, त्याच दिवाळीपासनं. चार वरसं झाली.

शेठ, साबणानं सोन्याला काय होतं? – काय नाय होत ना.

मंजे तिला ठाऊक होतं. दादूसचं जाऊ द्या, त्याला जमीन पायजे होती. पण आईनं, शेठ. दुखलं काय गो, विचारत विचारत घातले तिनं.

नको, कसोटीचा दगड ठेवा खाली. चार वरसं माज्या कानावरच घासलेत, अजून काय घासायचं? मंगळसूत्र द्या इकडं, घालूनच जाते घरी. तुमी आता माज्या मागं थांबल्यात त्या बाईंचं बघा.