आईच्या माहेरचा वीर

मी दिंडोरीकडची, ताई. जन्म तिकडचा, लगीन तिकडंच, द्राक्षाच्या छाटन्या करता करता हात असे झाले, बघा ना. बापाकडचं इचारा, पनज्यापर्यंत सांगते, पन आईकडचं काय सांगू तुम्हाला, आई गेली तवा मी रांगत व्हते, आन बापाला इचारलं तर एकच बोलायचा, तिकडचं कोनी नाय, सोड. मला वाटायचं भांडन असंल. लय राग यायचा बापाचा. सुट्टीत सगळ्या पोरी मामाच्या गावाला, आन मी वट्यावर बसून. लग्नात माझ्यामागं मामा म्हनून शेजारचा उभा केला, बिचारा भला व्हता, पन मंगलाष्टकं चालू आन माझं सगळं ध्यान मांडवाच्या दाराकडं, खरा मामा येईल, आता येईल.

आईचं म्हनून माझ्याकडं एकच, हा वीर. चांदीचा टाक हाय, बोटाएवढा. घरातलं कोनी अवचित गेलं की त्याला असं टाकावर उठवून देव्हाऱ्यात ठेवतात, आन धुळवडीला नाशकात गोदावरीवर, आमची गंगाच ती, आंघोळीला नेतात. सगळ्यांचे वीर घोड्यावर, हा पायी, शेजारी वासरू. सासू म्हनाली, परक्या कुळाचा देव माझ्या देव्हाऱ्यात नको, मंग मी तांदळाच्या डब्यात ठेवला. आन दर धुळवडीला नाशिक. हलगी वाजते, लोक खोबऱ्याच्या वाटीत वीर घेऊन नाचवतात, आन मी येड्यावानी ज्याच्या त्याच्या वाटीत डोकावते, दादा तुमचा वीर दाखवा, वासरू हाय का. वासरू ज्याच्याकडं, तो माझ्या आईकडचा. नवरा म्हनायचा, घरी बस. बसवत नाय ना.

अवंदा एक म्हातारेबाबा भेटले, नामपूरकडचे. टाक हातात घेतला, उलटापालटा केला, म्हनले, बाई, बाईमानसाकडं वीर कसा. मी म्हनलं, आईनं माहेरून आनला. त्यांनी टाक माझ्या हातात परत ठेवला, म्हनले, वीर लेकीबरोबर जात नाय गं, तो भावाच्या घरी ऱ्हातो. मागं दिवा लावायला कोनीच उरलं नाय, तवाच लेकीच्या पदरात घालतात.

मी घाटावर बसले ती बसलेच. बाप खरं सांगत व्हता, ताई. भांडन नव्हतंच कुठलं. मामाच नव्हता.

मंग उठले, वीराला गंगेत आंघोळ घातली, वाटीत ठेवला. बाया वीर नाचवत नाय, पन बाबांनी हलगीवाल्याला हाक मारली, वाजव म्हनले हिच्यापुढं, आन वाजवली त्यानं. घरी येऊन सरळ देव्हाऱ्यात ठेवला, सासू आता नाय बोलायला.

वाटलं जीव थाऱ्यावर येईल. कुठलं काय. परवा भाकरी थापता थापता मनात आलं, आईच्या पदरात घातला, पन घातला कोनी? कोनी तरी व्हतंच ना शेवटचं. ते कोन? देव देऊन मोकळं झालं, मंग त्याच्या तोंडात पानी कोनी घातलं? भाकरी करपली माझी. पुढल्या धुळवडीला जानार मी, त्या शेवटच्याचं इचारत फिरनार, कोनी काय म्हनो.

तुम्हाला मामा हाय ना, ताई? मंग इथं काय बसल्या, जाऊन या एकदा. सुखात ऱ्हा.