आंघोळ होईपर्यंत

अगं, बस ना. बाक काय माझ्या एकट्याचा आहे? आईशी फोनवर मराठीत बोलत होतीस म्हणून विचारलं — ह्या स्टॉपवर मराठी कधी कानावर पडत नाही. 'तू' म्हटलेलं चालेल ना? माझा मुलगासुद्धा तुझ्यापेक्षा बराच मोठा आहे. यशोधन. ड्युसेलडॉर्फला असतो, रोज फोन करतो, चांगला आहे. मी भास्कर राजवाडे. त्या चिमण्या दिसतायत ना, त्या कारखान्यात सगळी नोकरी झाली माझी, केमिस्ट होतो. नाही, मी बससाठी नाही थांबलेलो. मी रोज सकाळी इथे येऊन बसतो. ती समोरची पिवळी बिल्डिंग बघ — तिसरा मजला, दुधी काचेची छोटी खिडकी — ते आमचं बाथरूम. आत माझ्या बायकोची आंघोळ चाललीय. हसलीस? हस, हस. हसण्यासारखंच आहे. बायकोची आंघोळ होईपर्यंत नवऱ्यानं बसस्टॉपवर बसायचं.

सरलाला डिमेन्त्स आहे. विसरण्याचा आजार. आधी तिचं जर्मन गेलं — आणि काय जर्मन बोलायची गं! शाळेच्या कँटीनमध्ये होती, तिथल्या दांडगट पोरांना असं झापायची की ती ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची. ते सगळं गेलं. आता फक्त मराठी, तेसुद्धा माहेरचं, लहानपणचं. आणि घरी कोण येणार? फ्लेगेडिन्स्टच्या बायका — घरी येऊन आंघोळ घालतात, औषधं देतात, पायमोजे चढवतात, ती सर्व्हिस. वाईट नव्हत्या कोणी. पण रोज नवी बाई! काल एक, आज दुसरी, परवा तिसरीच. तूच सांग, सकाळी सकाळी एक परकी बाई घरात शिरली आणि न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलत तुझे कपडे काढायला लागली, तर तू काय करशील? ओरडशीलच ना? सरलाही ओरडायची. चावलीसुद्धा एकीला. त्या बाईची तरी काय चूक — तिला पुढची चार घरं दिसत असायची. मग मी मध्ये पडायचो. सरलाचा हात धरायचा, 'अगं, डॉक्टरीणबाई आहेत' म्हणायचं, खोटंच, आणि ती माझा शर्ट घट्ट धरून 'अहो, अहो' करत राहायची. तिच्या निम्म्या आंघोळीत माझीच आंघोळ व्हायची. — थांब हं, दिवा लागला का तो? नाही. ऊन पडलंय काचेवर.

तर मी गेलो त्यांच्या ऑफिसात. एकदा नाही, सारखा जायला लागलो. मला बघितलं की रिसेप्शनवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायची. पण मॅनेजर नवीन आली होती, फ्राउ ब्रेमर, तिनं बसवून घेतलं. तिला म्हटलं, कारखान्यात एका रिअ‍ॅक्टरवर तुम्ही रोज नवा ऑपरेटर ठेवता का? त्याचा आवाज कधी बदलतो, कधी तापतो, हे रोजच्या माणसालाच कळतं ना? ती म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, हेर राजवाडे, मलाही हेच करायचंय, पण माझे लोक तयार नाहीत. का तयार नाहीत? तर आल्झो, म्हणजे असं बघा — घरोघरी जायचे गाडीचे रस्ते वेडेवाकडे होतात, रजा घेता येत नाही, आणि एकजण तर म्हणाली म्हणे, एकाच म्हातारीकडे रोज जायचं म्हणजे जीव जडतो, आणि ती गेली की आम्ही रडायचं आणि लगेच पुढच्या घरी जायचं. हे कुठे माझ्या लक्षात आलं होतं? तरीपण फ्राउ ब्रेमरनं थोड्या घरांपुरतं सुरू केलं. एका घराला एकच बाई. आमच्या वाट्याला आयलिन आली.

आयलिन इथलीच, आईवडील तुर्कस्तानातले. पहिले कितीतरी दिवस तिनं आंघोळ घातलीच नाही. नुसती येऊन शेजारी बसायची, सरलाबरोबर चहा प्यायची. मी चिडलो — म्हटलं ही फुकटचा चहा पितेय! मग एक दिवस कोमट पाण्यात पाय धुतले. मग केस. मग एकदा आतून हसण्याचा आवाज आला गं. बाथरूममधून! सरला तिला लतिका म्हणायला लागली. लतिका म्हणजे तिची धाकटी बहीण, कधीच वारली. आयलिननं मला विचारलं, लतिका कोण? सांगितलं. तेव्हापासून लतिका म्हटलं की ती 'ओ' देते. सरलाच्या पाठीवर पडून पडून झालेली जखम भरली, वजन वाढलं, जेवायला लागली. मी मागितलं होतं ते सगळं मिळालं मला. सगळं.

मग एका सकाळी मी टॉवेल घेऊन आत गेलो. सरला बसलेली, आयलिन तिच्या डोक्यावर पाणी घालतेय. माझ्याकडे बघून सरला तिला मराठीत म्हणाली, 'लते, हे कोण गं? सारखे येतात.' आयलिनला काय कळणार? ती आपली जर्मनमध्ये 'जा, जा' — हो, हो — करतेय. आणि सरला माझ्याकडे वळून म्हणाली, 'ती जा म्हणतेय ना तुम्हाला? मग जा की.'

मी गेलो. काय करणार?

आयलिनला मी अर्थ सांगितला नाही. पण ती हुशार आहे, दोनेक दिवसांनी तीच म्हणाली, हेर राजवाडे, तुम्ही आत आलात की तिचे खांदे आखडतात, थोडे दिवस बाहेर जाऊन बघता का? आणि खरंच फरक पडला. सरलाला फरक पडला, म्हणजे चांगलंच झालं ना? चांगलंच झालं. तेव्हापासून हा बाक. पाऊस असला तरी इथेच, छप्पर आहे वर. यशोधन म्हणतो, बाबा, मस्त फिरून या, ऱ्हाइनवर जाऊन या, मोकळा वेळ मिळालाय तुम्हाला. मोकळा वेळ! काय करू त्याचं? तिकडे गेलो की ही खिडकी दिसत नाही.

तुझी बस येईल तेव्हा येईल, बस. मी उभा राहतो जरा, गुडघे धरलेत.

काल आयलिनला ताप आला. दुसरी मुलगी पाठवली त्यांनी. चांगली होती, हळू बोलत होती, घाई अजिबात नाही. पण सरलानं तिला बघितलं आणि बाथरूमचं दारच धरलं. किंचाळायला लागली. ती मुलगी घाबरून मागे झाली, मी धावलो, तेवढ्यात सरलाचा हात दाराच्या कडीला घासला — ह्या वयात कातडी कशी असते, कांद्याच्या सालीसारखी — फाटलीच. रक्त. आणि तेव्हा तिनं मला बघितलं. बघितलं म्हणजे ओळखलं. 'अहो' म्हणाली. 'अहो, मला न्या ना इथून.' माझा शर्ट धरला, असा, इथे. किती महिन्यांनी म्हणाली असेल. ती मुलगी पट्टी बांधत होती, रडायचीच बाकी होती बिचारी, सरला माझ्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती, आणि मी —

मला आनंद झाला. कळलं का तुला? तिच्या हातातून रक्त येतंय, आणि मला आतून इतकं बरं वाटतंय की बास. मी तिला लवकर शांतसुद्धा केलं नाही. करता आलं असतं मला. थोडा वेळ तशीच राहू दिली.

हे मी यशोधनला नाही सांगितलं. तुला का सांगतोय, कोण जाणे.

आज दहा वाजता त्यांची मीटिंग आहे. सगळा स्टाफ. ही नवी पद्धत सगळ्या घरांसाठी करायची की बंद करायची, ते ठरणार. फ्राउ ब्रेमरनं मला बोलावलंय — म्हणजे कालच्या आधी बोलावलं होतं, की हेर राजवाडे, तुमच्याकडे इतका छान फरक पडलाय, तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल लोकांना. सरलाची डे-केअरची गाडी येऊन गेली की आयलिन मला तिच्या गाडीतून नेणार आहे. आली ना आज ती, ताप उतरला. पण कालची गोष्ट ऑफिसभर झाली असणार. ज्यांना हे नकोच होतं ते मलाच विचारतील — एक बाई आजारी पडली आणि सगळं कोसळलं, बघितलंत ना? आणि मी नुसतं 'हो' म्हटलं तरी पुरे. खोटंही नाही ते! परत रोज नवी बाई येईल, आणि रोज सकाळी सरला मला 'अहो' —

नाही. तसं नाही बोलणार. कालपासून मनात दोन्ही बाजूंनी बोलून झालंय माझं, इथे बसूनसुद्धा तेच चाललं होतं, तू आलीस तेव्हा.

मी त्यांना सांगणार आहे, एकच बाई ठेवलीत ती चूक. दोघी ठेवा. ती कालची मुलगी आहे ना, तिला आयलिनबरोबर पाठवा थोडे दिवस. आधी नुसता चहा पिऊ दे तिला, पाय धुऊ दे, सरलाला तिचा आवाज ओळखीचा होऊ दे, मग आंघोळ. म्हणजे एक आजारी पडली, रजेवर गेली, तरी दुसरी आहे. जीव जडतो म्हणणारीलाही जरा सुटका. साधी गोष्ट आहे, स्टँडबाय ठेवायचा, आम्ही प्लान्टवर हेच करायचो. पटेल त्यांना. पटायला पाहिजे. मग सरला कधीच ओरडणार नाही. कधी दार धरणार नाही. मला माहितीय त्याचा अर्थ काय ते. माझं मलाच ते उभं राहून, जर्मनमध्ये, त्या सगळ्यांसमोर —

उघडली खिडकी. वाफ बघ कशी बाहेर येतेय. झाली तिची आंघोळ.

काय म्हणालीस? नको, नको, तू नको येऊस वर. मराठी बोलशील हे खरंय, तिला आवडेलही कदाचित, पण नवा माणूस नको आज. पुढे कधीतरी, आयलिनला विचारून. अगं, ही तुझीच बस ना? मग सांगायचंस की, मी आपला बोलत सुटलोय! नाव विचारायचं राहिलंच तुझं. राहू दे, राहू दे. पळ, दार लावतोय तो.