भट्टीवरच्या माणसाचा वाटा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले पंच, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आपल्या चर्चचे पाळकसाहेब, पाळकीणबाई, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

सचिवांनी मला सांगितले, "मिस्त्री, दोन गोड शब्द बोला आणि बसा." गोड शब्द मी आणलेही होते. परंतु पाळकसाहेब 'स्वेच्छेने' जात आहेत असे प्रास्ताविकात ऐकले आणि ते शब्द मी बाजूला ठेवले. त्यांना घालवण्यात येत आहे, तेही माझ्या धाकट्या भावापायी. तेव्हा बोलणे मला भाग आहे.

माझा भाऊ बेकरीत भट्टीवर असतो. प्रभुभोजनाला येथे जी भाकर मोडली जाते, ती वर्षानुवर्षे त्याच्या हातची. मध्यंतरी पंचांनी नियम केला: ज्याची उपासनेला हजेरी नाही, त्याला प्रभुभोजनात वाटा नाही. भाऊ विचारायला आला.

"रविवारी मी पहाटेपासून भट्टीपुढे. येऊ कसा?"

"नियम सगळ्यांना सारखा, काका," सचिव म्हणाले.

"बरं. मग भाकर पाठवू का नको?"

"पाठवा की. तिचं काय?"

मागे कोणी हसले काय? हसण्यासारखेच आहे.

माझी हजेरी पूर्ण आहे. मी सुतार, रविवारी रंधा खाली ठेवला की झाले. भट्टी विझवता येत नाही, कारण आपणा सर्वांना न्याहारीला ताजा पाव हवा असतो. म्हणजे मी रिकामा, म्हणून नीतिमान. आणि तो आपल्यासाठी राबतो, म्हणून पापी? देव माणसाला त्याच्या विश्वासावरून नीतिमान ठरवतो, नियम पाळल्याची मजुरी म्हणून नव्हे, हे पाळकसाहेबांनी येथूनच किती वेळा सांगितले! ख्रिस्ताने क्रूसावर प्राण दिला, तो काय आपली हजेरी घेण्यासाठी? आपण माना डोलावल्या, 'आमेन' म्हटले, आणि बाहेर जाऊन नियम केला.

आता भावाच्या छातीने दगा दिला आहे. डॉक्टरांनी हात टेकले. त्याने एकच गोष्ट मागितली, आणि पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर व प्याला घेऊन त्याच्या खाटेपाशी गेले. माझी भावजय घाबरून म्हणाली, "साहेब, पंच रागावतील हो." ते म्हणाले, "रागावू देत. तुम्ही उशी जरा उंच करा."

हाच तो अपराध. त्यासाठी हा हार आणि हे चहापान.

नवे पाळक नियमाने वागतील, असा शब्द पंचांनी घेतला आहे म्हणे. आज सकाळी भावाने मला विचारले, "दादा, साहेब गेल्यावर मला कोण देणार रे?"

तेव्हा पाळकसाहेब, चहा मंडळींना घेऊ द्या. आपली गाडी संध्याकाळची आहे. आपण आणि पाळकीणबाई आता भाकर व प्याला घेऊन माझ्याबरोबर भावाच्या घरी चला. पंचांपैकी कोणास यावेसे वाटले तर दार उघडे आहे. तेथे हजेरी विचारली जात नाही.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. एखादा शब्द वेडावाकडा गेला असल्यास पदरात घ्यावा. रागाची क्षमा मात्र मी मागत नाही.

चला साहेब. तो वाट पाहतो आहे.