रविवारी वाजत होती

नणंद : ...सव्वादहाला केअर सेंटरमधून फोन आला. सहा नंबरच्या खोलीतल्या आजोबांनी बेल दाबली. दिवा लागला, आवाज आला नाही. बिचारे अर्धा तास पाण्यासाठी ताटकळले. मग तिथल्या मुलींनी सगळ्या खोल्यांत जाऊन दाबून बघितलं. बारा खोल्या, सगळीकडे दिवा लागतो, आवाज कुठेच नाही.

वहिनी : आधी एक सांग. आत्ता तिथे कोण बघतंय?

नणंद : दोन मुली खोल्याखोल्यांतून फिरतायत. काउंटरवरच्या ताईंना सांगितलंय, दिव्यांच्या पॅनलसमोरून उठू नका.

वहिनी : आणि उठायची वेळ आलीच तर?

नणंद : तर दुसऱ्या कुणाला बसवून उठायचं. तेवढी अक्कल आहे मला.

वहिनी : आहे म्हणून विचारलं. नसती तर तिथेच जायला सांगितलं असतं. बरं, बोल.

नणंद : व्हिडिओ लावू? स्क्रीन दाखवते.

वहिनी : नको. मी आता तुमच्याकडे नोकरीला नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचे नाहीत. तू वाच, मी ऐकते.

नणंद : दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तुझंच होतं ते स्वयंपाकघर.

वहिनी : कुठलं?

नणंद : ऑफिसचं म्हणतेय मी.

वहिनी : मीही तेच म्हणतेय. वाच.

नणंद : ऑफिसात वहिनी म्हणायचं नाही, असा तुझा नियम होता. आता काय म्हणू? मॅडम?

वहिनी : आता ऑफिसही नाही आणि... काहीही म्हण. पण काम करता करता म्हण. रोज पहाटे बेलच्या बॉक्सना नवी बिल्ड जाते, ती आज कशी झाली?

नणंद : हिरवी. लॉगमध्ये शोधूनही चूक सापडत नाही. औषधांच्या वेळा बरोबर गेल्या, खोल्यांची नावं बरोबर, सगळं जागच्या जागी. फक्त बेल मुकी.

वहिनी : जुनी बिल्ड परत पाठव ना. दुरुस्ती नंतर कर.

नणंद : सर्व्हर आजची धरून तीनच ठेवतो. तिन्ही टाकून बघितल्या. तिन्ही मुक्या.

वहिनी : म्हणजे हे आजचं नाही.

नणंद : नाही ना. काउंटरवरच्या ताई काय म्हणाल्या माहितीये? म्हणे, दोन-तीन दिवस फार शांत होतं, आम्हाला वाटलं सगळ्यांना बरं वाटतंय.

वहिनी : असं म्हणाल्या?

नणंद : हसू आलं मला. मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

वहिनी : बेल वाजत नसेल तर कधीपासून, हे आधी पक्कं करू. मोड काय दिलायस?

नणंद : लाइव्ह. चालवताना स्वतः हाताने टाईप केलाय. तीनदा. बिल्ड बनवणारी स्क्रिप्ट तोंडाने हो म्हणते आणि करते टेस्टचंच. टेस्टमध्येच आवाज बंद असतो, बरोबर?

वहिनी : बरोबर. का बंद असतो तेही आठवत असेल.

नणंद : माझ्यामुळे. माझं डोकं दुखायचं. दिवसभर टेबलावर ते बॉक्स कोकलायचे आणि मी ओढणी डोक्याला बांधून बसायचे. तू म्हणालीस, टेस्टमध्ये आवाजच नको.

वहिनी : आणि काही सांगितलं नसेल तर टेस्ट धर, असंही मीच लिहिलं. म्हणजे चुकून कुणी नुसतंच चालवलं तरी तुझ्या डोक्याला त्रास नको. ठीक आहे. मोठ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीनंतर मोड छापायला सांग. चालव.

नणंद : थांब... हं. लाइव्ह.

वहिनी : शेवटी ती आवाजाच्या छोट्या स्क्रिप्टला हाक मारते. त्या छोटीच्या पहिल्या ओळीनंतर छाप.

नणंद : हिला मी आजवर उघडूनही बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नसेल. आपल्याकडे कायदाच आहे, चालतंय ना, मग हात लावू नका... अगं, इथे रिकामं येतंय.

वहिनी : अगदी काही नाही?

नणंद : नावापुढे बरोबरचं चिन्ह, आणि पुढे कोरं.

वहिनी : सापडलं. तू मोड मोठीला सांगतेस. मोठी ऐकते, पण छोटीला सांगत नाही. निरोप दारापर्यंत येतो, आत कुणी नेत नाही.

नणंद : मग इतके दिवस छोटीला कळत कसं होतं?

वहिनी : तिला तू सांगितलेलं कधीच कळत नव्हतं. ती मशीनवर लिहून ठेवलेलं वाचत होती. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तिथे लाइव्ह लिहिलेलं असलं की झालं, तू काय टाईप करतेस त्याला किंमतच नाही.

नणंद : म्हणजे आपण बोलतो त्याला काही अर्थ नाही, घरात आधीपासून जे ठरलेलं असतं तेच चालतं. ओळखीचं वाटतंय.

वहिनी : मशीनचं मशीनपाशी ठेव. आत्ता ते व्हेरिएबल तिथे आहे का बघ.

नणंद : नाहीये. सगळी यादी काढली. नाही.

वहिनी : मग कुठे गेलं? रविवारी तर बेल वाजत होती. म्हणजे रविवारनंतर काहीतरी बदललंय. मशीन बदललं? कुणी साफसफाई केली?

नणंद : रविवारी वाजत होती?

वहिनी : हो.

नणंद : तुला कसं माहीत?

वहिनी : मी दाबली होती.

नणंद : कुठे?

वहिनी : अप्पांच्या खोलीत. त्यांना खुर्चीत बसायचं होतं, मला एकटीला उचलवेना. बेल दाबली, आवाज आला, एक मुलगी धावत आली. चार-साडेचारची गोष्ट.

नणंद : सासर सोडलंस, तरी सासऱ्यांकडे जातेस?

वहिनी : रविवारी दुपारी. तुम्ही सकाळी जाता ना.

नणंद : अप्पा एका शब्दाने बोलले नाहीत.

वहिनी : मीच सांगितलं होतं, बोलू नका म्हणून.

नणंद : ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने दोन महिने हे पोटात ठेवलं?

वहिनी : त्यांना मजा वाटत असावी.

नणंद : तरीच. मला कोडंच पडलं होतं, त्यांची नखं कोण कापतं. दादा म्हणाला, तिथल्या मुली कापत असतील. मी त्या मुलींना पेढ्याचा बॉक्स पण नेऊन दिला.

वहिनी : खाल्ला मी त्यातला एक. वन्सं, रविवारनंतर काय बदललं?

नणंद : वन्सं म्हणालीस.

वहिनी : म्हणाले. काय बदललं?

नणंद : मंगळवारी तुझं लॉगिन बंद झालं.

वहिनी : माझं? ते अजून चालू होतं?

नणंद : पहाटेची बिल्ड तुझ्याच नावाने चालायची. कुणी बदललंच नाही. रोज सकाळी सगळ्यांना मेल यायची, बिल्ड झाली, आणि खाली तुझं नाव. रोज. मी चहा घेऊन बसते आणि पहिली मेल तुझी. मला ते बघवेना. मंगळवारी मी आयटीला कळवलं, हे लॉगिन बंद करा, माझ्या नावावर लावा.

वहिनी : कायद्याने बरोबर केलंस. मी गेले त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

नणंद : बरोबर आहे म्हणून नव्हतं केलं.

वहिनी : ते कळलं मला. ते व्हेरिएबल मशीनवर नव्हतंच. माझ्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये होतं. पहिल्या वर्षी घाईत तिथे लिहिलं, नंतर योग्य जागी हलवायचं राहून गेलं. लॉगिन गेलं, त्याच्याबरोबर तेही गेलं. तू कुणाचं काही मोडलं नाहीस. मी सोडून जाताना सांगून गेले नाही, एवढंच.

नणंद : बऱ्याच गोष्टी सांगून गेली नाहीस.

वहिनी : आधी बेल. छोटीला हाक मारतेस त्या ओळीत मोड पुढे दे. केलंस?

नणंद : केलं.

वहिनी : आता छोटीत. मोड रिकामा आला तर टेस्ट धरायचं नाही. तिथेच थांबायचं. बिल्ड लाल.

नणंद : लाल झाली की सगळे माझ्या नावाने ओरडतील.

वहिनी : ओरडू देत. बिल्ड ओरडली नाही म्हणूनच बेल मुकी झाली. आणि लगेच तिकडे पाठवू नकोस. आधी टेबलावरच्या बॉक्सवर टाक आणि दाब. मला ऐकू दे.

(नणंदेच्या टेबलावरून लांबलचक, कर्कश आवाज.)

नणंद : ऐकलंस? अख्खा मजला वळून बघतोय.

वहिनी : ऐकलं. डोकं?

नणंद : उठलं. उठू दे. पाठवते.

वहिनी : पाठव. एकेका खोलीचं उत्तर येईल तसं सांग. आणि तोवर एक बघ. बेल दाबल्याची नोंद बॉक्स ठेवतो. अप्पांच्या खोलीची काढ.

नणंद : मी मघाशीच काढली. तुला सांगणार नव्हते.

वहिनी : सांग.

नणंद : बुधवारी पहाटे. एकामागोमाग एक. बऱ्याचदा.

वहिनी : आणि?

नणंद : कुणी आलं नाही. ताईंना विचारलं, तर साडेसहाला चहा घेऊन मुलगी गेली तेव्हा पलंगाच्या कडेला बसलेले होते. पाय खाली सोडून. पडल्यापासून त्यांना आधाराशिवाय उभं राहायचं नाही ना, म्हणून तसेच बसले. तिला म्हणाले, तुम्ही कामात असाल.

वहिनी : आणि त्यानंतर?

नणंद : त्यानंतर एकदाही नाही. ना काल, ना आज. आज मुलींनी तपासायला दाबली तेवढीच, त्यांनी स्वतः नाही.

वहिनी : किती खोल्या आल्या?

नणंद : नऊ... दहा. सहा नंबर आली. ताईंचा मेसेज आलाय, आवाज येतोय म्हणून. अकरा झाल्या. एकच राहिली.

वहिनी : अप्पांची.

नणंद : तुला कसं कळलं?

वहिनी : बॉक्स विजेवर असला तरच नवीन बिल्ड घेतो. बॅटरीवर असला तर घेत नाही. पलंगाजवळ एकच सॉकेट आहे. रविवारी त्यांनी मला विचारलं होतं, बॉक्सची पिन काढून तिथे रेडिओ लावू का. मी नको म्हणाले होते, बेल महत्त्वाची. आता त्यांच्या दृष्टीने नाहीये.

नणंद : म्हणजे जाऊन पिन लावायला हवी. नुसती पिन. मी दादाला सांगते.

वहिनी : तो कुठे आहे?

नणंद : तिथेच. अप्पांजवळ बसायला मीच पाठवलं. साडेदहाला. तुला सांगायला हवं होतं.

वहिनी : नाही. चांगलं केलंस. लाव फोन.

नणंद : लावतेय... उचलत नाहीये.

वहिनी : खोलीत फोन बंद ठेवतो तो. अप्पांना रिंगटोनचा राग येतो. काउंटरवर लाव.

नणंद : ताईंना मीच बजावलंय ना, पॅनलसमोरून उठू नका. आणि मुली पलीकडच्या बाजूला आहेत. थांब, मीच निघते. चाळीस मिनिटं लागतील.

वहिनी : मी दहा मिनिटांवर आहे.

नणंद : आज रविवार नाहीये.

वहिनी : माहितीये.

नणंद : दादा आहे म्हटलं मी.

वहिनी : ऐकलं मी. जेवणाची सुट्टी होतेय, पिन लावून येते. तू स्क्रीनसमोरून हलू नकोस. बिल्ड घेतली का नाही ते तुलाच दिसणार. आणि वन्सं...

नणंद : काय?

वहिनी : पहाटेच्या मेलवर तुझंच नाव राहू दे. आता बरोबर चालतंय.

*

नणंद : हॅलो, ताई? केअर सेंटर? मी बेलच्या ऑफिसमधून बोलतेय. मघाशी बोलले तीच.

काउंटर : हां बोला ताई. मी बसलेच आहे, हलले नाही. जेवणाचा डबासुद्धा इथेच मागवला. आता छान वाजतंय सगळं. सहा नंबरचे आजोबा तर उगाचच दाबतायत, वाजते का बघायला.

नणंद : दाबू द्या त्यांना. अप्पांच्या खोलीचं, अकरा नंबरचं विचारायचं होतं. बॉक्स आत्ताच विजेवर आला, नवीन बिल्डही घेतली. पिन कुणी लावली?

काउंटर : मघाशी रविवारच्या बाई गेल्या ना आत.

नणंद : कोण?

काउंटर : नाव नाही माहीत हो. रविवारी येतात, म्हणून आम्ही आपलं रविवारच्या बाई म्हणतो. आज कशा आल्या काय माहीत.

नणंद : आणि आत माझा भाऊ होता. तो गेला का?

काउंटर : नाही, आतच आहेत. बाई गेल्या तेव्हा रेडिओ चालू होता, तो बंद झाला. मग काही नाही. बाहेर कुणीच आलं नाही.

नणंद : भांडणाबिंडणाचा आवाज?

काउंटर : छे. दार उघडंच आहे. तीन माणसं असून काहीच आवाज नाही.

नणंद : ताई, अप्पांनी बेल दाबली का?

काउंटर : थांबा, बघते... दिवा नाही, आवाज नाही. अकरा नंबरची बेल अजून कुणी दाबलेली नाही.