भिंतीवरचा गोरा साहेब

तुमाला सांगतो, बैठकीत फोटो लावताना लई विचार करा. दिंद्रुडच्या घरात मी वाडवडिलांच्या रांगेतच हॉलिवूडच्या एका जुन्या हिरोचा फोटो लावलाय, लई आवडतो मला. लेकीला बघायला पाव्हणे आलते. पोराचा चुलता आधी फोटो बघे, मग लेकीचे घारे डोळे.

"खरं सांगा, तुमच्या घराण्यात हा गोरा साहेब कोण?"

"इंग्रजी सिनेमातला हिरो हाय."

"मग त्याला हार कावून?"

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "सिनेमातला? अवो, दर पितरपाटात मी ह्याला निवद दाखवतेय!"

चुलत्यानं उचललेला कप खाली ठेवला. बायकोनं शेजारच्या फोटोकडं हनुवटीनं खूण करून मला विचारलं,

"मग ह्ये फेटेवाले तरी तुमचे आजोबाच हायत ना?"