तेवीस पानांची माफी

बसा, बसा सगळे. पुढे खुर्च्या आहेत, मागे भिंतीला टेकून उभे राहू नका.

माधवराव आपल्या वाचन मंडळाची बैठक कधी पुस्तकानं सुरू करत नसत. आधी एकेकाची तब्येत, मग पुस्तक. तेव्हा आज ते काम माझ्याकडे. वैशाली, गुडघा काय म्हणतोय? जिना चढून आलीस म्हणजे बरा असणार. सबनीस, रक्त तपासून घेतलंत, की अजून पुढच्याच आठवड्यावर आहे? हसू नका, पुढच्या बैठकीला कागद दाखवायचा. प्रज्ञा, तू क्योतोहून पहाटेची निघालीस, काही खाल्लंस का? नुसती मान हलवू नकोस, बाहेर डब्यात पोहे आहेत. आणि निनाद. तुला झोप लागली का रे काल? बरं. लागली नसली तरी चालेल.

मंडळी, शोकसभेत बोलायचं मी एरवी टाळते. पण खरं सांगू का? आज मला रडण्यापेक्षा सांगायची घाई झालीय. पोटात मावेना झालंय. तुम्ही म्हणाल, माणूस जाऊन महिना झाला नाही आणि ही बाई एवढी उतावीळ कशानं? म्हणा. पण आधी ऐकून घ्या, मग म्हणा.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. मी शालिनी. शिक्षण सातवी. कराडच्या एका वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं पुसली, शिक्के मारले, आणि पुसता पुसता वाचली. नऊ वर्षांपूर्वी लेकीकडे इथे जपानात, ग्योतोकुला आले. नातू शाळेत गेला की घरात मी आणि कचऱ्याचे पाच डबे. कुठल्या वारी कुठला कचरा, एवढंच माझं वाचन उरलं होतं. तेव्हा वैशालीनं मला या मंडळात ओढत नेलं. तिथे टेबलाच्या टोकाला हे बसलेले, माधवराव. क्योतोत आयुष्य काढलेले, दर बैठकीला गाडीनं इथे येणारे, चीनच्या राजेरजवाड्यांचे मोठे अभ्यासक. मी दारातच थबकले. ते उठले, स्वतः खुर्ची ओढली आणि म्हणाले, "ताई, वाचनालयात तीस वर्षं? मग तुम्ही आमच्या सगळ्यांच्या वरच्या वर्गात."

तो माणूस असा होता.

त्यांनी मंडळाला विषय दिला बाप आणि लेक. दोन वर्षं आपण दुसरं काही वाचलंच नाही. ज्या कादंबरीत बापलेकांचं जमत नाही, ती आणायची, फाडून काढायची. सबनीस वैतागायचे, की अहो, एखादी आई आणि मुलगी तरी घ्या. माधवराव ऐकायचे नाहीत. त्यांचं एक निरीक्षण होतं. ते म्हणायचे, कादंबरीकार मोठा लबाड. बापलेकांचं भांडण तो तीनशे पानं रंगवतो, आणि मिटवायची वेळ आली की बापाला मारून टाकतो. मग मुलगा रडतो, वाचक रडतो, आणि लेखक सुटतो. जिवंत बाप जिवंत मुलासमोर बसलाय आणि दोघं सरळ बोलतायत, असं प्रकरण लिहायला हिंमत लागते, आणि ती फार थोड्यांत असते.

आपण हसायचो. आपल्याला वाटायचं, साहित्याबद्दल बोलतायत.

आता अवघड भाग आहे. निनाद, मी काल तुला विचारलं होतं, सांगू का सगळ्यांना? तू हो म्हणालास. तरी मधे थांबवावंसं वाटलं तर थांबव.

निनाद हा माधवरावांचा एकुलता एक. क्योतोच्या विद्यापीठात पीएचडी करत होता, ती सोडली आणि इथे जवळच कोतोमध्ये सायकली दुरुस्त करायच्या दुकानात लागला. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, आपल्यातल्या निम्म्यांच्या सायकलींचे ब्रेक त्याच्या कृपेनं लागतात. बापाला ते रुचलं नाही, पण त्यावरून तुटलं नव्हतं. तुटलं ते हलक्या कानामुळे. कुणीतरी ओळखीच्या माणसानं माधवरावांना सांगितलं, की तुमचा मुलगा म्हणतो, बाबांचं संशोधन म्हणजे मेलेल्या राजांची उणीदुणी. माधवरावांनी विचारलं नाही, की बाळा, तू असं म्हणालास का? त्यांनी फोन उचलला आणि एवढंच सांगितलं, "यापुढे क्योतोला येऊ नकोस." आणि ठेवला.

सहा वर्षं, मंडळी. अडीच तासांच्या गाडीचं अंतर आणि सहा वर्षं.

चार वर्षांनी त्यांना कळलं, की ते वाक्य निनादचं नव्हतंच. ज्यानं सांगितलं, त्याचंच होतं. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? फोन केला असता. चुकलो म्हणालो असतो. माधवरावांनी काय केलं? ते ग्रंथालयात जाऊन बसले आणि त्यांनी लेख लिहिला. तेवीस पानं, तळटीपांसकट.

लेख कशावर? दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनच्या एका सम्राटावर. मोठा कर्तबगार राजा. म्हातारपणी आजारी पडला, राजधानी सोडून दूरच्या महालात जाऊन राहिला. तिथे दरबाऱ्यांनी कान भरले, की युवराज तुमच्यावर करणी करतोय, लाकडी बाहुल्या पुरतोय. युवराजानं बापापर्यंत पोचायची धडपड केली. मधल्या लोकांनी पोचू दिलं नाही. मग बिचाऱ्यानं घाबरून हत्यार उचललं, हरला, पळाला आणि शेवटी गळफास घेतला.

माधवरावांचं म्हणणं असं, की राज्य करणं म्हणजे सैन्य नाही, खजिना नाही, राज्य करणं म्हणजे कुणाचं ऐकायचं ते ठरवणं. माणूस जेवढा उंच बसतो, तेवढा तो दुसऱ्यांच्या कानांनी ऐकतो. मोठमोठे राजे शत्रूला ओळखण्यात चुकले नाहीत, घरच्याला ओळखण्यात चुकले. आणि त्या सम्राटाला खरं सांगितलं कुणी? एवढे प्रधान, एवढे सेनापती, सगळे गप्प. सांगितलं एका साध्या राखणदारानं. पूर्वजांच्या मंदिराचा राखणदार. त्यानं लिहून कळवलं, की महाराज, मुलानं बापाच्या फौजेशी दांडगाई केली तर त्याला फार तर चाबूक मारायचा असतो. जीव घ्यायचा नसतो. सम्राटाचे डोळे उघडले. मग त्यानं मुलाच्या आठवणीसाठी महाल बांधला, आणि वाट बघायला एक उंच मनोरा. परत येणाऱ्या मुलाची वाट. जो येणार नव्हता.

हा लेख माधवरावांनी आपल्यापुढे वाचला. आपल्या मंडळाची रीतच ती, कुठलंही लिखाण टपालात टाकण्याआधी इथे वाचायचं. शेवटचं पान झालं तेव्हा वैशाली रडली, सबनीस चष्मा पुसत बसले. मग माधवरावांनी विचारलं, "हे निनादला पाठवतोय. सोबत चार ओळींचं पत्र लिहू का? साध्या भाषेत?"

आणि आपण काय सांगितलं?

आपण सांगितलं, कशाला? यात सगळं आलंय. पत्रानं मजा जाईल. मी सांगितलं. मी, शालिनीनं, अगदी ठासून सांगितलं, की माधवराव, शहाण्याला एवढं पुरे, मुलाला बरोब्बर कळेल. मला काय झालं होतं कुणास ठाऊक. तीस वर्षं कादंबऱ्या वाचून माझं डोकं तसंच चालायला लागलं होतं. कादंबरीत बाप नुसता खिडकीशी जाऊन उभा राहिला तरी वाचकाला सगळं उमगतं. पण मुलगा म्हणजे वाचक नाही हो. मुलाला सरळ सांगावं लागतं. त्या दिवशी त्यांना राखणदार हवा होता. वाचनालयाची राखणदार तीस वर्षं मी होते, आणि नेमकी त्या दिवशी मी दरबारी झाले.

लेख गेला. उत्तर आलं नाही. माधवरावांनी दोन वर्षं विषय काढला नाही. पाकिटावर मंडळाचा म्हणून पत्ता माझा होता, तेव्हा दर बैठकीला मला फक्त विचारायचे, "टपाल?" मी म्हणायचे, नाही. मग ते पुस्तक उघडायचे. आणि मागच्या महिन्यात क्योतोत, टेबलाशी बसल्या बसल्या, गेले.

आता कालचं ऐका. काल दुपारी दाराची घंटा वाजली. निनाद उभा, हातात ते लेखाचं पाकीट. उघडलेलं, पण आतले कागद दुमडलेले जसेच्या तसे. म्हणाला, "मावशी, हे मला वाचून दाखवाल?" अहो, तो इथेच वाढलेला पोर. मराठी बोलतो छान, पण छापील मराठी वाचायची म्हणजे एकेक अक्षर जुळवत बसतो. बापानं आयुष्यभर जपानीत लिहिलं आणि हा एक लेख मराठीत लिहिला, कारण पोटातलं त्यांना मराठीतच लिहिता येत होतं. आणि ते पोराला वाचता येईल का, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आपल्या बारा जणांपैकी एकाच्याही आलं नाही. निनादनं जमतील तेवढी दोन पानं लावली होती. युवराज, कट, बंड, एवढे शब्द कळले. त्याला वाटलं, बाबा अजून मला बंडखोरच म्हणतायत. त्यानं पाकीट कपाटात टाकलं.

मी वाचायला बसले. दोनदा चहा झाला. नातू शाळेतून आला, तोही गपचूप बसला. राखणदाराशी पोचल्यावर निनाद पुढे सरकून बसला. मनोऱ्याशी पोचले, तेव्हा त्यानं हात धरून मला थांबवलं.

म्हणाला, "म्हणजे मावशी, हे लेक्चर नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा. हे सॉरी होतं."

त्यानं पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाला, "राजाकडे फोन नव्हता. बाबांकडे होता ना?"

मी म्हटलं, होता. आणि बाबांना चार ओळींचं साधं पत्र तरी लिहायचं होतं, पण आम्ही शहाण्यांनी नको म्हटलं. मी त्याच्यापुढे कान धरले. खरोखर धरले. नातू हसला. आणि मग निनाद हसला, आणि हसता हसता ढसाढसा रडला, आणि म्हणाला, पुढचं वाचा, शेवटपर्यंत वाचा. शेवट वाचून झाला तर म्हणाला, आता परत पहिल्यापासून.

म्हणून मी आज उतावीळ आहे. उशीर झाला, फार झाला, मला कळतं. पण पोचलं, हो. तेवीसच्या तेवीस पानं पोचली.

आता उभे राहूया. दोन मिनिटं शांत. आणि ज्यांचं कुणाशी अडलंय, त्यांनी त्या दोन मिनिटांत ठरवा, आज संध्याकाळी फोन करायचा. लेख लिहायचा नाही.

माधवराव, माझा तुम्हाला नमस्कार. माझं चुकलं.

आणि निनाद, मंडळाची रीत तुला माहीत नसेल. इथे वाचलेल्या प्रत्येक लिखाणाला लेखी उत्तर जातं. तुझं राहिलंय. रागानं लिही, भांडून लिही, जपानीत लिही. मला वाचता येणार नाही. काल मी तुला वाचून दाखवलं, आता तू मला दाखव. पण लिही, बाळा. लवकर लिही.