खंड्या लागणार होता

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाचं तोंड दोन्ही बाजूंनी कापूस कोंबून उघडं ठेवलंय, ज्याची अर्धी जीभ बधिर आहे, त्याला कोणी शेअर घ्यायचा सल्ला देतं का? आमचा दाताचा डॉक्टर देतो! हातात ते किरकिरणारं यंत्र, ते माझ्या खालच्या दाढेत, आणि हा वरून विचारतोय, "काका, समुद्राच्या तळाला भोक पाडायचं म्हणजे काय चेष्टा आहे का?" आता यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, "आँ." हा म्हणाला, "तेच तर! आणि तिथून तेल निघालं तर?" मी म्हटलं, "आँऽऽ!" ते मी दुखलं म्हणून म्हटलं हो, पण त्याला वाटलं, पटलं. बाहेर आलो तेव्हा दाढेत चांदी होती आणि खिशात एका तेल शोधणाऱ्या कंपनीच्या नावाची चिठ्ठी.

अर्थात, माझंही चुकत असेल. मी चिठ्ठी फेकून देऊ शकलो असतो. पण तुम्हाला सांगतो, जास्त शिकलेल्या माणसाचा हाच रोग, चिठ्ठी फेकण्याआधी तो ती वाचतो. आणि मी साधा शिकलेला नाही, तर्कशास्त्राचा डॉक्टर आहे, छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं की मनुष्य चुकीचा विचार कसा करतो! तर मी बसलो वाचत. कंपनी एवढीशी. कचेरी एका खोलीची, समुद्र मात्र तीन. नाव सांगत नाही, कारण ते आत्तापर्यंत तीनदा बदललंय, उद्या तुम्ही शोधायला जाल आणि मी खोटा पडेन. यांचं स्वतःचं जहाज नाही, यंत्र नाही, यांच्याकडे आहे फक्त एक नकाशा, त्यावर निळा रंग आणि निळ्यात गोल. प्रत्येक गोल म्हणजे एक विहीर, आणि प्रत्येक विहिरीला पक्ष्याचं नाव. बगळा, खणली, कोरडी. टिटवी, कोरडी. पाणकावळा, त्यात पाणी लागलं, समुद्रात! घार, कोरडी. आणि आता पाचवी, खंड्या.

आता बघा हं. मी वर्गात दरवर्षी सांगायचो, नाणं चार वेळा काट्यावर पडलं म्हणून पाचव्यांदा छाप्यावर पडेल असं समजणारा माणूस गाढव असतो. यावर माझा निबंध आहे, छापलेला, तळटीपांसकट! आणि मी घरी आरामखुर्चीत बसून काय म्हणालो? "चार कोरड्या गेल्या... म्हणजे आता नंबर जवळ आला."

पैसे कुठले? हां, तिथेच तर दुखतंय. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, भाड्याच्या घरात. लिफ्ट नाही. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या. आमच्या हिचे गुडघे दोन्ही गेलेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल ठेवलंय, तिथे ती पिशवी घेऊन बसते, दम खाते, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते, मग पुढच्या एकोणचाळीस. तर लिफ्टवालं घर घ्यायचं म्हणून तीन वर्षं बाजूला काढलेली ती रक्कम. थोडी कमी पडत होती. मी म्हटलं, खंड्या लागला की लिफ्टच काय, हिला गच्चीवर बाग करून देईन! सगळी लावली. हिला सांगितलं नाही. म्हटलं, एकदमच सांगू.

मग काय विचारता! रोज सकाळी कंपनीची सूचना यायची, विहीर आज किती खोल गेली. नऊशे मीटर. चौदाशे मीटर. तिकडे ते खाली खाली जातायत आणि इकडे ही वर वर चढतेय, एक पायरी, दुसरी पायरी, "आई गं", तिसरी पायरी... मी दारात उभा राहून मनातल्या मनात म्हणायचो, थांब, फक्त अकराशे मीटर राहिले! एकदा तोंडातून निघून गेलं. ही म्हणाली, "काय राहिलं?" मी म्हटलं, "काही नाही, तूर."

आणि एका मंगळवारी सूचना आली, खंड्यात तेलाचा अंश आढळला, लक्षणं आशादायक आहेत. भाव दुपारपर्यंत तिप्पट! तिप्पट हो! आता कोणी शहाणा माणूस काय करेल? विकेल. मी काय केलं? कागद घेतला, मधे रेघ मारली, एका बाजूला विकण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न विकण्याची. अकरा आणि अकरा. बरोबरी! मग बारावं कारण शोधत बसलो. ते सापडलं साडेपाचला. बाजार बंद झाला होता साडेतीनला.

दुसऱ्या दिवशी दुसरी सूचना. "आढळलेला अंश अपेक्षेहून मर्यादित असला तरी या निष्कर्षांमुळे परिसराविषयीचं आमचं आकलन अधिक समृद्ध झालं असून पुढील विश्लेषण चालू आहे." आणि तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी ओळखतो! प्रबंध हातून गेलाय, विषय हातून गेलाय, चार वर्षं वाया गेलीत आणि उद्या मार्गदर्शकासमोर उभं राहायचंय, तेव्हा मुलं हेच वाक्य लिहितात! असे मी शंभर प्रबंध तपासलेत. खंड्या कोरडी होती. भाव इतका उतरला की वर्तमानपत्रात तो छापायला जागाही वाया घालवेनात.

अर्थात, माझंही चुकत असेल. पण मी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. कंपनीची वार्षिक सभा होती, एका हॉटेलच्या मागच्या दालनात, शेजारी भांडी घासण्याचा आवाज. चाळीसेक भागधारक, सगळे माझ्या वयाचे, सगळ्यांच्या मांडीवर बशी, बशीत दोन बिस्किटं, आणि सगळे चिडलेले. दाताचा डॉक्टरही आला होता, मागे उभा. मी प्रश्न लिहून नेला होता. मुख्य प्रश्न एक, उपप्रश्न सात. घाम फुटला पाहिजे समोरच्याला!

संचालक उभा राहिला. आणि काय सांगू... तिशीचा पोरगा हो! टाय वाकडा, कोट कोणाचा तरी मोठ्या भावाचा असावा असा, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरलेला, आणि गळ्याची घाटी वर खाली, वर खाली. "सर... म्हणजे... आपण जे विचारलंत... त्याबाबत..." आणि माझ्यातला तो परीक्षक, तो जो निवृत्त व्हायला हवा होता माझ्याबरोबरच, तो जागा झाला! मी म्हणालो, "घाबरू नका. पाणी प्या. सावकाश सांगा." तो पाणी प्यायला. मी म्हटलं, "तुम्हाला असं तर म्हणायचं नाही ना, की पाच विहिरी कोरड्या गेल्यामुळे तेल कुठे नाही हे आता आपल्याला नक्की कळलंय?" तो म्हणाला, "होय सर! अगदी हेच!" मी म्हटलं, "आणि म्हणून उरलेल्या जागेवर शोध घेणं अधिक सुसंगत ठरतं?" तो म्हणाला, "होय सर!" माझे सात उपप्रश्न, सातांची उत्तरं मीच दिली, तो फक्त होय सर, होय सर! आणि कसली चांगली उत्तरं होती ती, मलाच पटली! समोरच्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसायला लागले. टाळ्या पडल्या. नव्या विहिरीचा ठराव मंजूर, नाव पाणकोंबडी, त्यासाठी नवे शेअर, आणि पहिली सही कोणाची? माझी! घरात औषधाला म्हणून ठेवलेलं होतं, तेही गेलं.

बाहेर येताना दाताच्या डॉक्टरानं पाठीवर हात ठेवला. "काका, आज तुम्ही कंपनी वाचवलीत." मी म्हटलं, "तुमचेही पैसे वाचले ना मग!" तो म्हणाला, "माझे? छे! मी तिप्पट झाले तेव्हाच विकले. त्यातून नवी खुर्ची घेतली, बघायला या. नुसतं बटण दाबलं की पेशंट अलगद वर." म्हणजे बघा, लिफ्ट झाली. फक्त त्याच्याकडे झाली!

मग आता हिला सांगणं आलं. घरी सांगायचा धीर नव्हता. दुसऱ्या मजल्यावर गाठली, स्टुलावर बसली होती, मांडीवर भाजी. मी एक पायरी खाली उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, बगळ्यापासून पाणकोंबडीपर्यंत. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "सगळे?"

"सगळे."

"अहो, छत्तीस वर्षांत तुम्ही एकाला तरी नापास केलंत का हो?"

मी म्हटलं, "एकाला करणार होतो."

"मग?"

"तो रडला."

तिनं शेंग खाली ठेवली. "म्हणजे मी रडले असते तर लिफ्ट झाली असती. मी आपली वेडी, पायऱ्या चढत राहिले."

मी म्हटलं, "अर्थात, माझंही..." ती म्हणाली, "चुकत 'असेल' नाही. चुकलं. म्हणा." मी म्हटलं, "चुकलं." साहेब, आयुष्यात पहिल्यांदा शंका न ठेवता वाक्य पूर्ण केलं!

मग ती उठली. आणि वर जाण्याऐवजी खाली निघाली. तळमजल्यावर एक चित्रकार राहतो, त्याचं दार वाजवलं. "काय हो, तुम्ही मागे म्हणत होतात ना, खाली उजेड नाही, तुमचा लाल रंग तपकिरी दिसतो? वर चौथ्या मजल्यावर ऊनच ऊन आहे. बदलता का घर?" घरमालक एकच, त्याला भाड्याशी मतलब. दहा मिनिटांत ठरलं! दहा मिनिटांत! कागद नाही, मधे रेघ नाही, विरुद्ध बाजूची कारणं नाहीत! मी विचारलं, "हे तुला आधी का नाही सुचलं?" तर म्हणते, "सुचलं होतं. पण तुम्ही लिफ्टचं घर घेणार होतात ना, म्हटलं, माणसाचा उत्साह कशाला मोडा."

आता आम्ही खाली राहतो. पायऱ्या तीन. आनंद आहे. फक्त, चित्रकारानं भिंतींवर एवढी चित्रं का टांगली होती, ते ती काढल्यावर कळलं. ओल! कमरेपर्यंत! प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "काका, न्हाणीघराची फरशी फोडावी लागेल." मी विचारलं, "किती खोल?" तो म्हणाला, "ते आत गेल्याशिवाय कसं सांगणार?" मी हो म्हटलं. दोन दिवस ठाकठूक, ठाकठूक, मी बाहेर खुर्ची टाकून बसलेला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आतून तो ओरडला, "काका! लागलं! लागलं!"

तुम्हाला सांगतो, मी धावलो. या वयात धावलो! अख्ख्या आयुष्यात माझ्या पैशानं कोणी खणलं आणि खरंच काहीतरी लागलं, ते हे एकदाच.

आणि तेही आमच्याच नळाचं पाणी होतं.